कौतिकबाईंची अर्धी किल्ली

लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मला कधी वाटले नाही, आजही वाटत नाही. मराठी घेऊन एम. ए. झाले खरी, परंतु त्यानंतरच्या साऱ्या आयुष्यात माझ्या हातून नेमाने जे लिहिले गेले ते एवढेच : तारीख, लॉकरचा क्रमांक, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ. साठी उलटल्यावर, निवृत्तीनंतर, कोणी मागितलेले नसताना कागद पुढे ओढणे हे धार्ष्ट्य आहे, याची मला जाणीव आहे. वाचणाऱ्यांनी क्षमा करावी. मी थोडक्यात आटोपण्याचा प्रयत्न करीन. पण मला बोलताना जमत नाही तसे लिहितानाही ते जमेलच असे नाही.

निमित्त झाले ते मागच्या थंडीतल्या सुरतभेटीचे. आमच्या बँकेच्या सुरत शाखेतले शिपाई कांतिभाई यांच्या नातीचे लग्न होते. इतक्या वर्षांनी त्यांनी माझा दूरध्वनी क्रमांक शोधून काढला, याचेच मला इतके अप्रूप वाटले की नाही म्हणवले नाही. लग्न संध्याकाळचे होते. सकाळ मोकळी होती म्हणून कापड बाजाराच्या मागच्या बाजूस, जिथे आमची शाखा होती, तिथे जाऊन उभी राहिले. बँक केव्हाच हलली आहे. तिथे आता साड्यांचे दुकान आहे. काउंटर होते त्या जागी गाद्या अंथरलेल्या, आणि गाद्यांवर साड्यांचे इतके थर की बसणाऱ्याने आपली जागा आपणच शोधावी.

दुकानाच्या मागच्या भिंतीत मात्र तो दरवाजा तसाच होता. करड्या रंगाचा, वीतभर जाडीचा, मधोमध चाक असलेला पोलादी दरवाजा.

“हे तर निघतच नाय, बेन,” विक्रेता तरुण माझ्याकडे पाहून म्हणाला. “काढायचं तर भिंत पाडायला लागेल. शेठ म्हणाले, ऱ्हेवा दो. आत माल ठेवतो आम्ही. आत जोवानुं छे? बघायचंय?”

मी मान हलवली. आत गेले.

लॉकरची कपाटे नेलेली होती. फरशीवर त्यांच्या पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्या होत्या, चौकोनी, ओळीने. नव्या कापडाचा, खळीचा आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा वास सगळीकडे भरला होता. मी क्षणभर डोळे मिटले तेव्हा त्या वासाच्या तळाशी दुसरा एक वास होता, की आहे असे मला वाटले, ते नक्की सांगता येत नाही. लोखंड, मशीनचे तेल, डांबराच्या गोळ्या, आणि कोणाच्या तरी रेशमी कापडातून सुटलेला जुना चंदनी वास. या वासात मी जवळजवळ पाच वर्षे काढली होती.

नव्वदचे दशक नुकते सुरू झाले होते तेव्हा मी अकोल्याहून सुरतेला रुजू झाले. राहायला कतारगामात, एका वृद्ध गुजराती बाईंच्या घरी, वरच्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर हिरे घासण्याच्या घंट्या, म्हणजे फिरत्या चकत्या, चालत. त्यांची घरघर सकाळी सुरू होई ती दिवेलागणीला थांबे. ती थांबली की खोली एकाएकी मोठी झाल्यासारखी वाटे. मग मी स्टोव्ह पेटवी, काही नाही तर त्याचा तरी आवाज असावा म्हणून. जिवंत माणसाचा आवाज ऐकायचा म्हणजे बँकेत जाणे आले. आणि बँकेत मला नेमले होते ते ज्या खोलीत कोणी बोलत नाही अशा खोलीत.

लॉकरच्या खोलीला खिडकी नव्हती. एक पंखा, एक ट्यूबलाइट, भिंतीवर एक लहान आरसा, आणि तीन भिंतींना लागून लोखंडी दारांच्या रांगा. काम सोपे होते. ग्राहक येई, सही करी. मी त्याच्याबरोबर आत जाई. प्रत्येक दाराला दोन किल्ल्या लागत. आधी बँकेची, म्हणजे माझ्या कमरेला असलेली, फिरवायची. मगच ग्राहकाची किल्ली फिरे. माझी किल्ली फिरली की मी बाहेर येऊन, पाठ करून, माझ्या टेबलाशी बसायचे. आत कोणी काय ठेवले, काय काढले, हे पाहायचे नाही. ही पाठ फिरवण्याची रीत माझ्या स्वभावाला इतकी मानवली की पुढे ती कामापुरती राहिली नाही, हे मला फार उशिरा कळले.

पाहायचे नसले तरी ऐकू येई. कोणाची डबी उघडताना चरचरे. कोणाचे कागद कुजबुजत. हिऱ्यांच्या एका व्यापाऱ्याची पत्नी महिन्यातून एकदा येई. आतून बांगड्यांचा आवाज येई, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा बांगड्या काढल्याचा आवाज. आरशासमोर सगळे अंगावर घालून, पाहून, ती ते परत ठेवून जाई. धनतेरसला रांग लागे आणि खोलीला हळदीकुंकवाचा वास येई. लग्नसराईत सासवा-सुना एकत्र येत आणि एकमेकींकडे पाठ करून पिशव्या भरत. मी टेबलाशी बसून वेळ लिही. आत गेल्याची. बाहेर आल्याची.

कौतिकबाई पहिल्यांदा आल्या तो माझा तिथला पहिलाच श्रावण.

चाळिशीच्या आसपासची, उंच, वाळकी बाई. नऊवारी नव्हे, पाचवारीच, पण पदर डोक्यावरून घेतलेला. त्या यंत्रमागाच्या कारखान्यात बॉबिनी भरण्याचे काम करत आणि नवागामात राहत, हे मला नंतर समजले; तेव्हा दिसला तो केसांत, भुवयांवर अडकलेला सुताचा बारीक पांढरा कापूस. एका हातात फडक्याची गाठोडी, दुसऱ्या हातात लाल कापडात गुंडाळलेला नारळ.

“लॉकर उघडानं शे, बेन,” त्या म्हणाल्या.

मी नवखी आणि नियमांना धरून चालणारी. म्हटले, “बाई, खाण्याच्या वस्तू लॉकरमध्ये ठेवता येत नाहीत.”

मी मराठीत बोलते आहे हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला, आणि मी काय बोलले ते लक्षात येताच हसू फुटले. “खायची वस्तू? ताई, ही कानबाई शे, आमनी. खायची न्हाई, पूजायची.”

“पण नारळच ना तो? सडला तर?”

“देव सडतस का वं, तुमना गावले?”

कांतिभाई दाराशी उभे होते. “बेन, नारियेळ तो साहेबने पूछवुं पडशे,” असे म्हणून ते खरोखरच साहेबांना घेऊन आले. साहेबांनी चष्मा वर करून नारळाकडे पाहिले, हात जोडले, आणि हिंदीत निकाल दिला : “भगवान अलाउड है, नारियल नहीं.”

तेव्हा गाठोडी आत गेली आणि नारळ बाहेर राहिला. गाठोडीत कानबाईचे दागिने होते. कौतिकबाईंनी नारळ पुन्हा छातीशी धरला आणि जाता जाता म्हणाल्या, “बाईमानसासारखंच झालं हे. दागिना बँकमा, बाई चुलीजोडे.”

मी हसले. त्या खोलीच्या दारात मी मोठ्याने हसल्याचे मला एवढे एकच आठवते.

मी वऱ्हाडातली, कानबाई मला ठाऊक नव्हती. कौतिकबाईंनी ती मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली, दर वर्षी थोडी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत ही देवी बसते. नारळालाच देवीचे रूप देतात. त्याला मुखवटा, नथ, मंगळसूत्र, खण. रात्रभर गाणी. सोमवारी डोक्यावर घेऊन नदीवर न्यायची, पाण्याला लावायची आणि नारळ घरी परत आणायचा. एका भाऊबंदकीची एक कानबाई. तिच्यासाठी गहू घरातल्या माणसांच्या मुठींनी मोजून घेतात. त्याचे जे करतात त्याला रोट म्हणतात. तो रोट भाऊबंदांनीच खायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि पुनवेच्या आत संपवायचा.

कौतिकबाईंच्या भाऊबंदकीत तेव्हा पाच घरे होती, सगळी नवागामातल्या एकाच गल्लीत, सगळी मागावर राबणारी. दिवसभर घरांना कुलपे असत. पाच घरांचा एकमेकांवर विश्वास होता, पण पाच घरांच्या दारांवर नव्हता. म्हणून सगळ्यांनी मिळून देवीचे दागिने बँकेत ठेवायचे ठरवले आणि थोरली सून म्हणून लॉकर कौतिकबाईंच्या नावावर घेतले. सर्वांत लहान, सर्वांत खालच्या रांगेतले. ते उघडायला मला वाकावे लागे. कौतिकबाई सरळ फरशीवर मांडी घालून बसत, देव्हाऱ्यासमोर बसावे तशा.

वर्षातून त्या दोनदाच येत. देवी बसण्याच्या आदल्या शनिवारी दागिने न्यायला, आणि नंतरच्या मंगळवारी ठेवायला. शनिवारी त्यांना घाई असे. मंगळवारी नसे. मंगळवारी आतून चांदीवर फडके फिरवल्याचा आवाज येई, हळू, घासल्यासारखा, आणि त्याच्याबरोबर गुणगुणणे. बहुधा दोन रात्रींपूर्वीचे गाणे असावे. आवाज बसलेला असे. मी पाठ करून बसे आणि ते संपू नये असे मला वाटे. रजिस्टरात पाहिले तर त्यांची आतली वेळ सगळ्यांत लांब निघेल.

“ताई, रविवारी या,” शनिवारी त्या म्हणत. “नवागामला कोनाले बी विचारा, कौतिकबाईनं घर कोनतं.”

पहिल्यांदा मी म्हटले, डोके दुखते आहे. दुसऱ्यांदा म्हटले, घरी पाहुणे येणार आहेत. माझ्याकडे पाहुणे कोण येणार होते? तिसऱ्यांदा काही सुचेना म्हणून म्हटले, बँकेत काम आहे.

“रविवारी?” कौतिकबाईंनी कांतिभाईंकडे पाहिले. “रविवारी बँक उघडी ऱ्हास का वो, भाऊ?”

कांतिभाईंनी छताकडे पाहिले.

न जाण्याचे खरे कारण मला तेव्हा माहीत नव्हते, आताही नीट सांगता येणार नाही. रविवारी दुपारी मी खोलीत बसून राही. खाली घंट्या बंद असत. कुठल्या तरी गल्लीत, शहराच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या नावाची एक जागा रिकामी ठेवलेली आहे, हे मला माहीत असे. तिथे जाऊन बसण्यापेक्षा ती आहे हे जाणून बसून राहणे मला सोपे वाटे. माझ्यासारखी माणसे असतात.

मंगळवारी त्या माझ्यासाठी पितळी डब्यातून पुरणपोळी आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी आणत. रोट कधी आणला नाही. “तो घराबाहेर देता येत न्हाई, ताई. तो खायाले यावंच लागस.” मी टेबलाशी बसून पोळी खाई. त्या समोर बसून पाहत, आणि एकदा मी अकोल्याची आहे म्हटल्यावर म्हणाल्या, “अकोला म्हंजे पूर्णा नदी ना? ती आमना तापीले मियस. तुमनी पूर्णा, आमनी तापी, दोन्ही आठेच येतस.” दोन्ही नद्या इथेच येतात, हे मी भूगोलात शिकले होते. कोणी ते मला असे सांगितले नव्हते.

चौथ्या श्रावणात, मंगळवारी, त्या आल्या तेव्हा गुणगुणणे नव्हते.

चांदी पुसल्याचा आवाजही फार वेळ आला नाही. मग आतून त्यांनी हाक मारली, “ताई, जराशी आत या ना.” मी दारापर्यंत गेले आणि भिंतीकडे पाहत उभी राहिले. गाठोडी बांधली आहे, पाहायला हरकत नाही, असे त्या म्हणाल्या. तरी मी पाहिले नाही.

भाऊबंदकी मोडली होती. दोन घरे शहराबाहेर कोसाडला राहायला गेली, एक घर गावी परतले, एकाशी बोलणे उरले नाही. कशावरून, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. गेलेल्यांनी आपापली वेगळी कानबाई मांडली. ही जुनी, दागिन्यांसकट, कौतिकबाईंकडे राहिली. त्यांना मूलबाळ नव्हते. नवरा मी त्यांना ओळखू लागण्याआधीच गेला होता.

“औंदा रोटले खानारं कोनी न्हाई, ताई,” त्या म्हणाल्या. “टाकता येत न्हाई, दुसऱ्याले देता येत न्हाई. एकली खाई राह्यनू. पुनवपावत संपाले पाहिजे.”

मी म्हटले, “हो.”

मग त्यांनी पदराला हात पुसले आणि विचारले, “त्या कागदवर दुसरं नाव लिखतस ना? मानूस गया तर कोनाले देवानं, ते?”

वारसाचा रकाना. आमच्या अर्जात तो होता, आणि त्यांच्या अर्जात तो पहिल्यापासून कोरा होता.

“तठे तुमनं नाव लिखा.”

“माझं?”

“तुमनंच. दागिन्यासाठी न्हाई सांगत मी. मनामागे ती पेटीमा पडी ऱ्हाई, कोनी बसवनार न्हाई. तुम्ही शिकेल शेतस, तुमले समजाडी सांगं तर समजी. वर्षमा एक रविवार. बस.”

“पण मी तुमच्या भाऊबंदांतली नाही, कौतिकबाई.”

“देवीले घर लागस, ताई. भाऊबंद मंग व्हतस.”

एवढे मोठे काही मला आजवर कोणी देऊ केले नव्हते, आणि पुढेही नाही. माझ्या कानांत घंट्यांसारखी घरघर सुरू झाली. ती आनंदाची की भीतीची, हे ठरवायला मी थांबले नाही. मी म्हटले, “बँकेच्या माणसाचं नाव लावता येत नाही. नियमात बसत नाही.”

असा नियम आहे की नाही, हे मला त्या क्षणी माहीत नव्हते. मी पाहिले नव्हते. पण नियम हा शब्द माझ्या तोंडी इतका सहज आला, की तो खरा असावा असे मलाच वाटले.

कौतिकबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण निवळला, जणू त्यांनी स्वतःच उत्तर काढले होते. “ऱ्हाऊ द्या मंग. कागद काय करस? अर्धी किल्ली तुमनाजोडे शेच ना.”

“म्हणजे?”

“तुमनी फिरावाशिवाय मनी फिरत न्हाई. इतला वरीस मी देखी राह्यनू ना. म्हंजे अर्धं लॉकर तुमनंच शे. मले काही झायं तर दुसरी अर्धी तुमनाजोडे येवाव शे.” आणि आपली किल्ली पदराच्या गाठीत बांधून त्या उठल्या.

माझ्या कमरेची किल्ली साऱ्या दारांना लागते, ती बँकेची आहे, मी गेले तर ती दुसऱ्याच्या कमरेला जाईल, हे मी त्यांना तेव्हाच सांगायला हवे होते. चार वाक्ये. मी सांगितली नाहीत. त्यांचा तो समज मला हवाहवासा वाटला, असे आज लिहून टाकते.

त्या हिवाळ्यात एका मोकळ्या दुपारी मी नियमांचे जाड पुस्तक काढून पाहिले. दोनदा पाहिले. मी सांगितला तसा नियम त्यात नव्हता. साहेबांना विचारणे राहिले होते; तेही, महिनाभर वाक्य जुळवून, विचारले. ते वर न पाहता म्हणाले, “पार्टी को एतराज नहीं तो हमको क्या?” तेव्हा मी एक कोरा अर्ज टेबलाच्या खणात ठेवला. दुसऱ्या नावाच्या जागी माझे नाव पेन्सिलीने लिहिले. श्रावणातल्या शनिवारी त्या येतील, त्यांची सही घेऊ, मग पेन्सिलीवर शाई फिरवू. आणि रविवारी जाऊ. या वर्षी नक्की जाऊ. रोट कसा लागतो याचा मी विचार करू लागले होते. गव्हाचा, तुपाचा, बहुधा गोड.

उन्हाळ्याच्या शेवटी माझ्या बदलीचा हुकूम आला. अकोल्याजवळच. घरचे आनंदले. आषाढाआधी हजर व्हायचे होते.

शेवटच्या रविवारी मी नवागामला गेले. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. अर्ज पर्समध्ये होता. दोन रिक्षा बदलल्या. बंद दारांआडून मागांची खडखड येत होती, गटाराच्या कडेला सुताची भेंडोळी पडली होती, आणि एका पानाच्या ठेल्यावर विचारल्यावर कौतिकबाईंचे घर खरोखरच लगेच कळले. गल्लीच्या तोंडाशी मी उभी राहिले. चौथे दार. त्या उंबऱ्यात बसून गहू निवडत होत्या. शेजारच्या दोघी बाया त्यांना काही तरी चिडवत होत्या आणि त्या सूप हलवत हसत होत्या. डोक्यावर पदर नव्हता. केस मी समजत होते त्यापेक्षा खूप पांढरे होते. तो सगळा कापूस नव्हता.

पंचवीस पावले असतील.

मी जाऊन काय म्हणायचे, ते ठरवत होते. मी जाते आहे. तुमची अर्धी किल्ली माझी नाही. मी खोटे बोलले होते. या तिघींसमोर यातले कोणते आधी? एका बाईने मान वर करून माझ्याकडे पाहिले, आणि मी पत्ता चुकलेल्या माणसासारखी दुसऱ्या दारावरचे नाव वाचले, आणि वळले.

अर्ज मी माझ्या जागी आलेल्या गृहस्थांच्या खणात ठेवून आले, मराठीत चिठ्ठी लिहून. ते वलसाडचे. त्यांना मराठी येत नव्हती हे मला ठाऊक होते. कांतिभाईंना मात्र तोंडी सांगितले : श्रावणात कौतिकबाई येतील, त्यांना सांगा.

“शुं कहुं?” त्यांनी विचारले. काय सांगू?

मी म्हटले, “सांगा, बदली झाली.”

त्या संध्याकाळी लग्नाच्या मांडवात, जेवणे झाल्यावर, कांतिभाई माझ्याशेजारी येऊन बसले. आता काठी लागते, पण आवाज तसाच. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग मीच धीर करून विचारले, त्या खानदेशी बाई, श्रावणात येणाऱ्या, तुम्हाला आठवतात?

“माताजीवाळां बेन? केम नहीं?” ते म्हणाले. “त्या वर्षी आल्या ना. शनिवारे. तुमच्या टेबलावर नवे साहेब. ते बघून दारातच उभ्या राहिल्या. मी बोललो, बेन तो बदली थई गयां. त्यांनी मला विचारलं, मंग किल्ली?”

“मग?”

“मी बोललो, किल्ली तर हे साहेबांकडे. तर त्या बसून राहिल्या बाकावर. अर्धो कलाक, अर्धा तास. मी पाणी दिलं, ते पण नाय पीधुं. पछी उठ्यां, साहेबांनी किल्ली फिरवली, यांनी फिरवली. पोटली काढली. आणि स्वतःची चावी साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब बोलले, मंगळवारे पाछुं मूकवा, परत ठेवायला, आवशो ने? तर बोलल्या...” कांतिभाई आठवू लागले. त्यांना ते वाक्य त्यांच्या भाषेत म्हणायचे होते. “बोलल्या, ‘अर्धी किल्ली गयी. आते कोनाजोडे ठेवू?’”

मांडवात सनई लावलेली होती. मी त्यांना विचारले, आणखी काही म्हणाल्या का? माझ्याबद्दल?

कांतिभाईंनी माझ्याकडे पाहिले. ते दयाळू गृहस्थ आहेत. “ना, बेन. काय पण नाय. फक्त विचारलं, ताईने घर मळ्युं के नहीं, नव्या गावी.”

दुसऱ्या दिवशी माझी गाडी दुपारची होती. सकाळी मी नवागामला गेले. या वेळी गल्लीच्या आत गेले, चौथ्या दारापर्यंत. ती बैठी घरे आता दोन-दोन, तीन-तीन मजल्यांची झाली आहेत. चौथ्या दारात एक तरुण मुलगी मोबाइल हातात घेऊन उभी होती. मी मराठीत विचारले. तिने गुजरातीत उत्तर दिले, मग आतल्या आजींना विचारून आली. त्या घरात ते आले त्याला पंधरा वर्षे झाली. आधीच्यांची नावे माहीत नाहीत. कौतिकबाई नावाची बाई आजींना आठवत नाही. मुलगी म्हणाली, “ते नाव तर आमच्याकडे चिक्कार बायांचं असते, मावशी.”

“आणि कानबाई?” मी विचारले. “इथे कोणाकडे बसते?”

मुलगी हसली. “बधाने त्यां! सगळ्यांकडे. आमच्याकडे पण बसते. या ना श्रावणात.”

मी येईन म्हटले. खरोखर जाण्याचा विचार आहे.

एवढेच लिहायचे होते, आणि ते लिहिण्याचे कारण सांगण्याचे धैर्य मला शेवटच्या ओळीपर्यंत झाले नाही. चार श्रावण ती देवी माझ्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर, उघडली आणि बांधली गेली. तिचा मुखवटा कसा आहे, नथ कोणत्या घडणीची, मला माहीत नाही; मी तिचा केवळ आवाज ओळखते. खानदेशातले, सुरतेतले कोणी हे वाचत असेल, नवागामच्या त्या गल्लीत कधी राहिले असेल, तर त्यांना एवढेच विचारायचे आहे : कौतिकबाईंची कानबाई आता कोणाच्या घरी बसते, तुम्हाला ठाऊक आहे का?